भिंतीवरची खाडी

शुक्रवारी पहाटे नळ खोकला.

टेमघरच्या त्या चाळीत पाणी यायच्या आधी नळ असाच खोकायचा. आधी नुसती हवा, मग थुंकल्यासारखे दोन-चार थेंब आणि मग करंगळीएवढी धार. शुक्रवार म्हणजे लूमची, यंत्रमागांची सुट्टी. एरवी रात्रंदिवस चालणारी खटखट थांबली की कानांना दडे बसल्यासारखी शांतता पसरायची, आणि त्या शांततेत नळाचा खोकला चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचा. बाया हंडे घेऊन उठायच्या. मागच्या बोळातल्या शेळ्याही उठायच्या, कारण पहिली बादली आपली हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नळ खोकला की त्या ओरडायच्याच. वनिताच्या पोराला, सुजातला, कितीतरी दिवस नळच बें बें करतो असं वाटत होतं.

त्या पहाटे नळ खोकला, आणि मागं कुणीच ओरडलं नाही.

वनिताच्या अंगावर सुजातनं पाय टाकला होता. झोपेत तो नेहमी आईचा पदर मुठीत धरून झोपायचा, बालवाडीत जायला लागला तरी ती सवय सुटली नव्हती. मूठ हळूच सोडवून ती उठेपर्यंत सासूनं मागचं दार उघडलं होतं. "आज गप गं का बायांनो?" असं द्रौपदी म्हणाली ते वनितानं ऐकलं. मग बादली पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

तांबू आणि चांदी दोघी बोळात आडव्या पडल्या होत्या. तांबूचं करडू तिच्या पोटाला लागून पडलं होतं, पिता पिता झोपल्यासारखं. चांदीत अजून धुगधुगी होती. द्रौपदी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि दातखीळ सोडवायला तिच्या जबड्यात बोटं घालू लागली. फेस येत होता. काल संध्याकाळपासून त्या दोघी पोट आखडून उभ्या होत्या, चारा घेत नव्हत्या. द्रौपदीनं ओवा भरडून पाजला होता, सकाळी उतार पडेल म्हणाली होती. उजाडता उजाडता चांदीही गेली.

द्रौपदी रडली नाही. नवरा कोंडू गेला तेव्हाही ती रडली नव्हती म्हणे. दिघाशीहून भिवंडीला येताना तिनं भांडीकुंडी भावजयीला देऊन टाकली होती, पण तांबूची आई दोरीला धरून चालत आणली होती. पोराच्या घरात सगळं पोराचं, सुनेचं. शेळ्या तेवढ्या तिच्या. चाळीतल्या बाळंतिणी तिच्याकडं दूध मागायला यायच्या, तेव्हा ती उंबऱ्यात पाय पसरून बसायची आणि त्यांना थोडं ताटकळत ठेवायची. ते ताटकळत ठेवणं हीच तिची श्रीमंती होती.

बोळात माणसं जमली. चाळमालक केसरीनाथनाना लुंगीवरच आले. म्हातारा भला होता. पिढीजात शेती गोदामांना गेली तरी गुरांची माया सुटली नव्हती. खाली बसून त्यांनी करडाच्या अंगावर हात फिरवला आणि ते चुकचुकले. त्यांचा पुतण्या प्रितेश मात्र उभाच होता. त्यानं एकदा शेळ्यांकडं पाहिलं, एकदा रस्त्याच्या दिशेनं पाहिलं आणि म्हणाला, "विष घातलंय. आणि कुणी घातलंय तेपण दिसतंय."

नाव त्यानं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. रस्त्यापलीकडं बसणारा रामू भंगारवाला दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या शेळ्यांना रोज शिळ्या रोट्या घालायचा, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि बुधवारी त्याचं प्रितेशशी भांडण झालं होतं, तेही सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्या भांडणाच्या मुळाशी भिंत होती.

चाळीसमोरच्या रस्त्याला लागून, अलीकडच्या बाजूलाच, एका बंद गोदामाची लांबलचक भिंत आहे. वर्षानुवर्षं तिथं कचरा पडायचा. चाळीचा, दुकानांचा, लूमवाल्यांच्या चिंध्यांचा. पुरुष भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे, म्हणून बायकांना तिथून मान वळवून जावं लागायचं. त्या उकिरड्यात रामूचं ठाणं होतं. जौनपूरकडचा माणूस. आधी लूमवर होता. कानांनी दगा दिला, मग चिंध्या आणि भंगार निवडायला लागला. निळ्या प्लास्टिकखाली झोपायचा. लूमवरच्या, सूत संपलेल्या रिकाम्या कांड्यांना तारेचे आस लावून त्यानं सुजातला गाडी करून दिली होती. सुजात त्याला रामूचाचा म्हणायचा आणि त्याच्या कानाजवळ जाऊन ओरडून बोलायचा.

नानांची नात मृणाली कॉलेजात चित्रकला शिकत होती. तिनं मनावर घेतलं की ही भिंत रंगवायची. आपल्याच ठाण्याच्या रानातली, आपल्याच खाडीतली जनावरं-पाखरं काढायची, आणि बाहेरचे चित्रकार बोलवायचे नाहीत, चाळीनंच काढायची. म्हणजे चाळच ती राखेल. कल्पना चांगली होती, पोरगीही चांगली होती. महानगरपालिकेनं गाडी पाठवून उकिरडा उचलला, एका रंगाच्या दुकानदारानं डबे दिले, आणि आठ-पंधरा दिवस त्या रस्त्यावर जत्रा असल्यासारखं होतं. ज्यांनी एकमेकींशी नळावर कधी सरळ बोलणं केलं नव्हतं, त्या बाया एका डब्यात ब्रश बुडवत होत्या.

वनिताचा हात चांगला होता. तिच्या रांगोळीसाठी लग्नघरातून बोलावणं यायचं. तिनं शेकरू काढलं, झुपकेदार शेपटीचं. बिबट्या काढला, आणि त्याच्या डोळ्यांत असं काही उतरलं की शेजारची म्हातारी येताजाताना त्याला हात जोडू लागली. द्रौपदी म्हणाली, "वाघोबा म्हनून बघतो तो. आता हितं मुतायची कुनाची छाती हाय?" आणि खरंच, कुणाची झाली नाही. घरातलं आवरून, पोराला झोपवून, भात शिजायला ठेवून वनिता तिथं पळायची. पातेल्याखालचा गॅस बारीक करून चोरलेली ती अर्धी घटका असायची. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला कुणीतरी तिच्या कामावरून ओळखत होतं.

रामूला फक्त रंगकाम होईपर्यंत रस्त्यापलीकडं जा म्हणून सांगितलं होतं. तो गेला. नाल्याकडेला प्लास्टिक बांधून बसला आणि तिथून रंगकाम बघायचा. एकदा सुजातनं त्याला हाताला धरून आणलं, आणि त्यानं वनिताला विचारलं, "बहू, नीलगाय नहीं बनाओगी? हमारे खेत में बहुत आती है." वनिता हसून म्हणाली की आपल्या रानात नीलगाय नसते, चाचा. तो मान हलवून परत गेला. भिंत पुरी झाली, तेव्हा त्याला कुणी परत ये म्हटलं नाही. बुधवारी तो आपणहून गोण्या घेऊन जुन्या जागेवर आला. प्रितेशनं त्या कचऱ्याच्या गाडीत टाकायला लावल्या. महिन्याची निवडलेली चिंधी होती. रामू गाडीमागं थोडा धावला, मग वळून दोन्ही हात वर करून म्हणाला, "गरीब की हाय लगेगी. देख लेना."

आता ते वाक्य बोळात या तोंडून त्या तोंडी फिरत होतं. देख लेना म्हणाला होता. आणि बघा.

वनिता करडाजवळ बसली होती. त्याचं तोंड पुसावं म्हणून तिनं पदराचं टोक ओलं केलं, ओठ बाजूला केले, आणि तिचा हात थांबला. करडाची जीभ निळी होती. हिरड्यांवर निळी रेघ होती. तिनं चांदीच्या मागच्या पायांकडं पाहिलं. रात्रीतून जी घाण झाली होती ती हिरवट निळी होती. तो निळा रंग तिच्या ओळखीचा होता. तिनंच तो केला होता.

ती उठली. कुणाला काही न बोलता बोळातून रस्त्यावर आली, भिंतीपाशी गेली.

झालं होतं असं. दुकानदारानं दिलेला रंग बिबट्या, शेकरू, धनेश, आभाळ असं करता करता संपला आणि भिंतीचा खालचा पट्टा कोरा राहिला. तिथं खाडी दाखवायची होती, खाडीत उभे असलेले रोहित पक्षी. रविवारी पाहुणे येणार, फोटो निघणार. मृणालीचं तोंड एवढंसं झालं. तेव्हा वनितानंच म्हटलं, काळजी करू नका, मी घरचा रंग करते. तिचा नवरा विकी सायझिंगमध्ये होता, म्हणजे जिथं लूमवर चढायच्या आधी सुताला खळ लावतात तिथं. सुताला घट्ट धरून बसते ती खळ भिंतीवर रंग का धरणार नाही? विकीनं उरलेली पिठाची खळ बादलीभर आणली. आणि भिंत सखल जागेतली, ओल धरणारी, म्हणून मोरचूदही आणलं, ते निळे विषारी खडे. पावसाळ्यात खळीला बुरशी येऊ नये म्हणून त्यांचा जुना मिस्त्री चिमूटभर मोरचूद टाकतो, ते विकीनं पाहिलं होतं. चिमूटभर, असं तो बजावून म्हणाला होता.

पण वनितानं ते खडे कुटले, पाण्यात विरघळवले आणि तो निळा पाहिला. भरतीच्या वेळी, ऊन तिरपं असताना खाडी एखाद्या क्षणापुरती तशी दिसते. तिनं मूठभर टाकलं. मग आणखी एक. सगळ्या भिंतीत तो पट्टा उठून दिसला. मृणालीनं तर तिला मिठीच मारली.

आता त्या पट्ट्यासमोर ती उभी होती. खाडी गेली होती. जमिनीपासून शेळीची मान पोचेल तिथपर्यंत, लांबच्या लांब, चाटून चाटून भिंत पांढरी झाली होती. जिभेचे फराटे दिसत होते. रोहित पक्ष्यांचे पाय कोरड्या सिमेंटमध्ये उभे होते.

सिनेमाची पोस्टरं शेळ्या भिंतीवरून ओरबाडून खातात, ती कागदासाठी नाही, कागदामागच्या खळीसाठी. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. द्रौपदीला ठाऊक होतं, विकीला होतं, चाळीतल्या प्रत्येकाला होतं. पण खळ इतके दिवस त्यांच्यासाठी सुताची होती, कारखान्यातली होती. ती खाण्याची असते हे भिंत रंगवताना एकाच्याही मनात आलं नाही.

सुजातचे हात. ती धावत घरी आली, झोपलेल्या पोराच्या मुठी उघडून बोटं पाहिली, नखं पाहिली, तोंड उघडून जीभ पाहिली. गुलाबी होती. तो कुरकुरला आणि कुशीवर वळला. त्या क्षणी तिला शेळ्यांचं काहीच वाटलं नाही, रामूचंही नाही. नुसती त्या गुलाबी जिभेकडं बघत ती भिंतीला टेकून बसली.

बाहेरून आवाज आला तेव्हा भानावर आली.

माणसं रस्ता ओलांडून गेली होती. रामूचं प्लास्टिक ओढून काढलं होतं. प्रितेशनं त्याला कॉलरला धरून उभं केलं होतं आणि विचारत होता, आणि रामूला ऐकू येत नव्हतं, म्हणून तो हसत होता. ऐकू न येणारी माणसं हसतात तसं. त्या हसण्यानं त्याला जास्त मार बसला. मग कुणीतरी त्याच्या कानात ओरडलं. तेव्हा त्याला समजलं. तो म्हणाला, "रोटी दी है. और कुछ नहीं दिया, मालिक." त्यानं गाठोडं सोडलं, त्यातली उरलेली रोटी काढली आणि सगळ्यांसमोर खाऊन दाखवली. कोरडी होती, घशात अडकत होती. तो चावत होता आणि एकेकाच्या तोंडाकडं बघत होता, पटलं का म्हणून. पटलं कुणाला नाही. "ही चांगलीच असणार," कुणीतरी म्हणालं, "विषाची काल संपली." त्याच्या कपाळातून रक्त येत होतं. नानांनी बस आता म्हटलं, तेव्हा थांबले. उरलेल्या गोण्या नाल्यात गेल्या.

वनिता रस्त्याच्या अलीकडच्या कडेला उभी होती. मध्ये फक्त रस्ता होता. कंटेनर गेला, त्यामागं दुसरा गेला, आणि ते गेल्यावर माणसं पांगायला लागली होती. आपण कंटेनरमुळं थांबलो, असं तिनं नंतर स्वतःला किती वेळा सांगून पाहिलं.

घरी येऊन तिनं सासूला सगळं सांगितलं. द्रौपदी मोरीपाशी बसून शेळ्यांची दोरी धूत होती. का धूत होती कोण जाणे. विकी खाटेवर बसला होता, त्यानं सगळं ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

द्रौपदीनं दोरी पिळली.

"किती टाकलंस?"

"दोन मुठी."

"त्यानं किती सांगितलेलं?"

वनितानं दोन बोटांची चिमूट करून दाखवली.

"बरं," द्रौपदी म्हणाली, आणि तिनं दोरी खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "माझी तांबू काय आता उठून बसायची न्हाय. आता तू गप ऱ्हायचं."

"आत्या, त्याला मारलं हो त्यांनी. मी जाते नानांकडं. मी सांगते, माझ्याकडून झालं."

"सांग. मग प्रितेश इचारंल मोरचूद कुठनं आनलं. सायझिंग कुनाची? नानाच्या मेव्हन्याची. इकीची ड्युटी गेली. खोली कुनाची? नानाची." ती शांतपणे एकेक बोट मुडपत होती. "आनि त्या भिंतीखाली कुनाकुनाची पोरं खेळत्यात? उद्या कुनाचं पोट दुखलं तरी समदी आपल्या दारात. आज त्याच्याकडं गेली तशी. आपुन हितं भाड्यानं ऱ्हातो बाय. आपलं हितं कोन हाय?"

"आणि त्याचं कोण आहे?"

"त्याचंबी न्हाय," द्रौपदी म्हणाली. "म्हनून तर."

तरीही दुपारी वनिता मृणालीकडं गेली. मृणालीनं तिला आत घेतलं, दार लावलं, आणि ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. ती खरोखर रडली. म्हणाली, मी आजोबांना सांगणार, वनिताताई, सांगायलाच हवं. पण आत्ता सांगितलं तर रविवारी सगळं मोडेल. अधिकारी येणार आहेत, पुढच्या तीन भिंती मंजूर व्हायच्या आहेत, त्यात शाळेची आहे, दवाखान्याची आहे. कार्यक्रम होऊ दे. सोमवारी मी स्वतः सांगते. तोवर आणखी कुठलं जनावर मरायला नको. असं म्हणून तिनं आतून निळ्या तेलरंगाचा डबा आणून वनिताच्या हातात दिला.

शनिवारी वनितानं भिंत खरवडली, धुतली आणि खाडी परत रंगवली. ओलीनं रंग उडाला असंच सगळ्यांना वाटलं. पोरं भोवती जमली, तिनं त्यांना लांब हाकललं. तेलरंगाचा निळा नुसता निळा होता. रस्त्यापलीकडं रामू उघड्यावर बसला होता, डोक्याला चिंधी बांधून. तो तिच्याकडं बघत होता. तिनं पाठ वळवली नाही, कारण पाठ आधीच त्याच्याकडं होती. काम संपेपर्यंत तिनं मान फिरवली नाही.

रविवारी मांडव पडला. अधिकारी आले, नाना फेटा बांधून बसले, चाळीच्या बायांनी सारख्या रंगाच्या साड्या नेसल्या. बिबट्यासमोर उभं राहून लोक फोटो काढत होते. मृणाली बोलली, छान बोलली. मग नाना उठले. म्हणाले, या भिंतीवर जनावरं आली त्याच आठवड्यात आमच्या द्रौपदीबाईंची जनावरं गेली. मुकी जनावरं. करणारा माणूस आम्ही ओळखला आहे, त्याला या भागात जागा नाही. पण बाईंचं दुःख ते आमचं दुःख. आणि त्यांनी हात केला तसा मांडवामागून हार घातलेली शेळी पुढं आली. काळीभोर, तरणी, गाभण.

टाळ्या वाजल्या. द्रौपदी उठली, पदर सावरला. तिनं शेळीच्या पोटावर हात ठेवला, ओटीपोट दाबून पाहिलं, कास पाहिली. सगळ्यांसमोर तिच्या तोंडावर अगदी थोडं, नको नको म्हणत हसू आलं. वनितानं ते पाहिलं आणि तिला कळलं की मृणालीचा तो सोमवार आता येणार नाही.

प्रितेशनं माइक तिच्यापुढं केला. "बिबट्या यांनी काढला. वनिताताई, दोन शब्द."

आयुष्यात तिनं माइक कधी धरला नव्हता. तो जड होता, आणि घामेजलेल्या हातातून सटकत होता. मांडवाच्या झालरीखालून तिला रस्त्यापलीकडचा तुकडा दिसत होता. रामू अजून तिथंच होता. त्याला ऐकू येत नव्हतं, पण एवढी माणसं एका बाईकडं बघतायत हे त्याला दिसत होतं, म्हणून तोही मान उंच करून बघत होता. पहिल्या रांगेत विकी होता, सुजातला मांडीवर घेऊन. सुजातनं नवा शर्ट घातला होता आणि गुंडी चघळत होता. मृणाली खाली बघत होती.

वनितानं तोंड उघडलं. शब्द होते, रात्रीपासून जुळवून ठेवले होते. मोरचूद मी टाकलं. एवढंच म्हणायचं होतं.

"सगळ्यांनी मिळून केलं," ती म्हणाली. "माझं एकटीचं काही नाही."

टाळ्या पडल्या. नाना म्हणाले, बघा, किती विनय.

कार्यक्रम आटोपता आटोपता एक टेम्पो पलीकडं येऊन थांबला. प्रितेशनंच बोलावला होता. रामूला फार सामान उरलंच नव्हतं. गाठोडं आणि गुंडाळलेलं प्लास्टिक. त्याला मागं चढवलं. टेम्पो वळला तेव्हा तो फळीला धरून उभा होता, आणि भिंतीवरची जनावरं ओळीनं बघत चालला होता, जणू शेवटपर्यंत बघून घ्यायची आहेत. सुजातनं हात हलवला. त्याचं लक्ष नव्हतं.

द्रौपदीला बायांनी घेरलं होतं, म्हणून नवी शेळी घरी न्यायचं वनिताकडं आलं. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात सुजात. मांडवातली माणसं भजी खात होती. ती भिंतीच्या कडेनं चालली होती, आणि चालता चालता शेळीनं मान लांब केली. निळ्या खाडीकडं. नाक भिंतीला लावलं आणि जीभ बाहेर काढली.

वनितानं दोरी ओढली. खाली आता तेलरंग होता, चाटून काही होणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं अशी ओढली की शेळीचे पुढचे पाय उचलले गेले, गळा आवळला आणि ती घशातून घोगरं ओरडली. गळ्यातला हार तुटून रस्त्यावर पडला. भज्यांपाशी उभी असलेली दोन माणसं वळून बघायला लागली. दोरी वनितानं हाताला दोन वेढे देऊन धरली होती.

सुजातनं शेळीकडं पाहिलं, मग भिंतीकडं, मग आईच्या हाताकडं. त्याला काही शोधून काढायचं असलं की तो असाच खालचा ओठ दातात धरायचा, आणि तो धरला की वनिताला त्याचा मुका घ्यावासा वाटायचा.

"आई, भिंत चाटली तर शेळी मरते?"

ती बोलली नाही. बोलली नाही म्हणजे हो, हे पोरांना कळतं.

दूर वळणावर टेम्पो दिसेनासा झाला होता, तिकडं त्यानं एकदा बघितलं. मग आईचा पदर धरून, रामूचाचाच्या कानात बोलायच्या सवयीनं, मोठ्यांदा विचारलं,

"मग रामूचाचाला का मारलं?"